बास्केटबॉल: धक्का लागला म्हणजे फाउल झालाच का?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. माझी भाची १७ वर्षांखालील मुलींच्या गटात शाळेच्या संघातून खेळते. गेल्या रविवारी पुण्यातच तिचा एक सामना पाहण्याचा योग आला. खेळ चांगला झाला, मात्र पंचांच्या तीन निर्णयांवरून पालकांमध्ये जी हमरीतुमरी झाली ती ऐकून वाटले की बास्केटबॉलमधला फाउल म्हणजे नेमके काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे. पंचांना नावे ठेवण्यासाठी हा धागा काढलेला नाही. कसोटी कोणती लावायची, एवढेच समजून घ्यायचे आहे.

पहिला प्रसंग असा. आमच्या संघातील मुलगी उजव्या बाजूने ड्रिबल करत आत शिरली, ले-अपसाठी (रिंगजवळून उडी मारून घेतलेल्या शॉटसाठी) उडाली आणि रिंगखाली हात वर करून उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धी मुलीच्या छातीवर आदळली. दोघीही पडल्या. पंचांनी एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर आपटून दाखवली, म्हणजे फाउल आमच्या मुलीवर. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला जवळजवळ तसाच प्रकार घडला, आणि या वेळी त्याच पंचांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून बचाव करणाऱ्या आमच्याच मुलीला फाउल दिला. तिसरा प्रसंग रिबाउंडचा, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर परत आलेला चेंडू पकडण्याचा. आमच्या सेंटरच्या (रिंगजवळ खेळणाऱ्या मुलीच्या) पाठीवर समोरच्या मुलीचा हात मला बाकावरून स्वच्छ दिसत होता, तरी शिट्टी वाजली नाही.

शेजारी बसलेल्या एका गृहस्थांचा मुद्दा मला खोडता आला नाही. ते म्हणाले, "धक्का दोन्हीकडे सारखाच होता, मग निर्णय वेगळा कसा?" मैदान उघड्यावरचे, सिमेंटचे होते आणि रिंगखालचा छोटा अर्धवर्तुळाकार पट्टा तिथे रंगवलेलाच नव्हता, याने काही फरक पडत असल्यास तेही सांगावे.

बाकावरचा_बारावा

आम्ही सकाळी जिथे खेळतो तिथे पंच नसतो. ज्याला लागले तो ओरडतो, थोडी बाचाबाची होते आणि चेंडू पुन्हा वरून सुरू होतो. वर्षानुवर्षे असे खेळल्यामुळे फाउल म्हणजे "मला लागले" एवढीच व्याख्या आमच्या डोक्यात पक्की बसली आहे आणि पंच असलेल्या सामन्यातही आम्ही तीच घेऊन उतरतो. कोणाला लागले यापेक्षा ती जागा कोणाची होती हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हे मला महाविद्यालयीन स्पर्धेत गुण आणि फाउल नोंदवणाऱ्या टेबलवर बसायला लागल्यानंतरच उमगले. नियमांचे तपशील जाणकार सांगतीलच.

निवृत्त_शिट्टी

कर्वेनगरकर, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडील शालेय आणि जिल्हा स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार होतात आणि तुमच्या तिन्ही प्रसंगांची उत्तरे त्यातील नियम ३३ मध्ये आहेत. त्या नियमाच्या मुळाशी एक कल्पना आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य सिलिंडर असतो. समोर कोपरात वाकवून वर धरलेल्या तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत आणि दोन्ही बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत त्याची हद्द जाते, आणि वरच्या दिशेने तो खेळाडू जितका उंच उडेल तितकी हवाही त्याच्याच मालकीची असते. स्वतःच्या सिलिंडरमध्ये राहून सरळ वर उडालेल्या बचावपटूवर समोरचा येऊन आदळला तर बचावपटूचा दोष नाही. हात पुढे झुकवून किंवा कंबर बाजूला काढून तो हद्दीबाहेर गेला आणि तिथे स्पर्श झाला, तर जबाबदारी त्याची.

आता चार्जिंग (आक्रमकाने बचावपटूवर आदळणे) आणि ब्लॉकिंग (बचावपटूने आक्रमकाची वाट बेकायदा अडवणे). बचावपटूने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की त्याची कायदेशीर बचावस्थिती सिद्ध होते. यापुढे बहुतेक प्रेक्षक आणि दुर्दैवाने काही प्रशिक्षकही गफलत करतात. त्यांच्या मते बचावपटू पुतळ्यासारखा स्थिर असेल तरच चार्जिंग देता येते. नियमात असे कुठेही नाही. एकदा ती स्थिती मिळवली की ती टिकवण्यासाठी त्याला बाजूला सरकता येते, मागे जाता येते, सरळ वर उडी मारता येते आणि धक्का सोसण्यासाठी स्वतःच्या सिलिंडरमध्ये अंग वळवताही येते. पुढे चालून जाऊन अंगावर आदळण्याची मुभा मात्र नाही. आदळणे धडावर, म्हणजे छाती-पोटावर झाले असेल आणि बचावपटू तिथे आधी पोहोचलेला असेल, तर जबाबदारी चेंडू घेऊन आलेल्याची. खांद्यावर किंवा बाहेर काढलेल्या गुडघ्यावर टक्कर झाली असेल, तर बचावपटू बहुधा उशिरा पोहोचलेला असतो.

चेंडू हातात असलेल्या खेळाडूला वेळ आणि अंतर यांची सवलत मिळत नाही. आपल्यासमोर कोणीही, कोणत्याही क्षणी उभे राहू शकते हे त्याने गृहीतच धरायचे असते. चेंडू नसलेल्या, पळत असलेल्या खेळाडूला मात्र थांबायला किंवा वळायला जागा द्यावी लागते, आणि ती त्याच्या वेगानुसार साधारण एक ते दोन पावले असते. तुमच्या दोन्ही प्रसंगांतील मुली उडालेल्या होत्या, त्यामुळे तिथे आणखी एक नियम लागू होतो. जमीन सोडताना जो मार्ग आणि जी उतरण्याची जागा मोकळी होती, त्यावर हवेत असलेल्या खेळाडूचा हक्क असतो. ती उडाल्यानंतर कोणी त्या मार्गात शिरले, तर शिरणारी कितीही व्यवस्थित हात वर करून उभी असली तरी फाउल तिचाच.

तेव्हा शेजारच्या गृहस्थांना उत्तर असे द्यावे की धक्का सारखा असला तरी पहिल्या वेळी बचावपटू उडीच्या आधी जागेवर होती आणि दुसऱ्या वेळी ती उडीनंतर आली, असे पंचांना दिसले असेल. दोन निर्णय परस्परविरोधी असण्याचे कारण नाही. ते प्रत्यक्षात तसेच घडले का, हे मी पाहिलेले नाही, म्हणून त्यावर बोलणार नाही.

अर्धवर्तुळाविषयी: रिंगच्या मध्याखालील बिंदूपासून १.२५ मीटर त्रिज्येचा हा पट्टा फिबाने २०१० पासून आणला. अमेरिकेतील व्यावसायिक लीग एनबीएमध्ये तसाच पट्टा १९९७ पासून आहे. बचावपटूचा एक जरी पाय त्या पट्ट्यात किंवा त्याच्या रेषेवर असेल आणि चेंडू घेऊन हवेत असलेला खेळाडू शॉट मारताना किंवा पास देताना त्याच्यावर आदळला, तर चार्जिंग देत नाहीत. आक्रमकाने हात, पाय किंवा अंग बेकायदा वापरले असेल तरच देतात. रिंगखाली जाऊन केवळ आदळून घेण्यासाठी उभे राहण्याच्या प्रकाराला त्यामुळे आळा बसला. तुमच्या मैदानावर रेषाच नव्हती, म्हणजे हा नियम कसा लावायचा हे सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून ठरवणे गरजेचे होते. मैदान आखणाऱ्यांना खडूने ती रेषा काढून द्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण आपल्याकडे या कामाला कोणी वाली नसतो.

कर्वेनगरकर

अतिशय आभारी आहे. बचावपटूला हलता येते हे मला पूर्णपणे नवीन आहे. तरीही शंका उरतेच. उडी आधी की पाय आधी, हे क्षणार्धात घडते. चेंडूवर नजर ठेवून धावणाऱ्या पंचाला ते दिसते तरी कसे?

लीड_ट्रेल

चेंडूवर नजर ठेवून ते दिसत नाहीच. मी सध्या जिल्हा पातळीवर पंचगिरी करतो, म्हणून प्रत्यक्षातील सांगतो. आम्हाला पहिल्यापासून घोकून घेतलेली गोष्ट म्हणजे चेंडूकडे न बघता बचावपटूकडे बघा. चेंडू घेऊन येणारा येणारच आहे, तो कुठे जाणार हे साऱ्या मैदानाला दिसते. प्रश्न असतो तो बचावपटूच्या पायांचा आणि छातीचा. आक्रमक खेळाडू तीन-बिंदू रेषेच्या आत वळला की माझी नजर मदतीला धावून येणाऱ्या दुसऱ्या बचावपटूवर गेलेली असावी लागते, कारण ब्लॉकिंगचे बहुतेक वाद पहिल्या बचावपटूमुळे न होता या मागून आलेल्या दुसऱ्यामुळे होतात. त्याचे पाय टेकलेले मी आधीच पाहिले असतील, तर आदळण्याच्या क्षणी मला काही ठरवायचे उरत नाही, जे पाहिले ते फक्त हाताने दाखवायचे असते. नजर चेंडूबरोबर फिरत राहिली तर मात्र मला दोन पडलेले खेळाडू दिसतात आणि उरलेले सगळे अंदाजाने ठरवावे लागते.

दुसरी बाब उभे राहण्याच्या जागेची. दोन खेळाडूंमधली फट दिसली तरच स्पर्श झाला की नाही आणि तो कोणाकडून झाला हे कळते. दोघे खेळाडू आणि पंच एका सरळ रेषेत आले की पुढच्याच्या पाठीआड सगळे झाकले जाते. अशा वेळी बाजूला टाकलेले एक पाऊल पाच मीटर पुढे धावण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. शालेय सामन्यांत आम्ही दोघेच पंच असतो, एक लीड म्हणून बेसलाइनपाशी आणि दुसरा ट्रेल म्हणून मागे, साइडलाइनच्या बाजूला. वरच्या पातळीवर तीन पंच असतात. दोघांना दहा खेळाडूंमधल्या साऱ्या फटी दिसाव्यात ही अपेक्षाच अवास्तव आहे, त्यामुळे क्षेत्रे वाटून घेतलेली असतात आणि समोरच्याच्या क्षेत्रात नाक खुपसायचे नसते.

तुमच्या तिसऱ्या प्रसंगात पंचांना तो हात कदाचित दिसलाही असेल आणि त्यांनी तो सोडूनही दिला असेल. पाठीवर हात टेकलेला असणे आणि पाठीवर हात दाबून समोरच्याला उडू न देणे यांत फरक आहे. बाकावरून पहिला दिसतो. दुसरा ओळखायचा तर सेंटरचे गुडघे वाकले होते का, उडी घेताना ती पुढे ढकलली गेली का, हे बाजूने पाहावे लागते. "मागून उंच मुलीने चेंडू घेतला म्हणजे फाउल" हाही असाच एक लोकप्रिय समज आहे. उंच असणे हा गुन्हा नाही. स्पर्श न करता किंवा समोरच्याला न हलवता तिने डोक्यावरून चेंडू काढला तर ते निव्वळ कौशल्य आहे.

आवाजावरून तर कधीच ठरवू नये. चेंडूवर पडलेली थाप हातावर पडलेल्या थापेपेक्षा मोठी वाजते. मनगटावर अलगद बसलेला, शॉटची दिशा बदलणारा फटका मात्र अजिबात वाजत नाही.

हिशोबी_प्रेक्षक

माहिती उत्तम आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. "स्पर्श झाला, तरी फायदा झाला नाही म्हणून सोडून दिला" ही मुभा पंचांना दिली की नियमपुस्तकाला अर्थ उरत नाही. एका पंचाला जो फायदा वाटतो तो दुसऱ्याला वाटत नाही, आणि त्याच मैदानावर सकाळच्या सामन्यात फाउल ठरलेली गोष्ट दुपारच्या सामन्यात खपून जाते. कबड्डीत रेषेला पाय लागला की लागला, तिथे कोणी फायदा-तोटा विचारत नाही. खेळाडूंनी शिकायचे तरी काय?

निवृत्त_शिट्टी

हिशोबी_प्रेक्षक, तुमचा आक्षेप जुना आणि रास्त आहे. पण ही मुभा पंचांनी स्वतःहून घेतलेली नाही, नियमपुस्तकानेच ती त्यांच्यावर सोपवली आहे. ज्या किरकोळ स्पर्शाने करणाऱ्याला लाभ होत नाही आणि समोरच्याचे नुकसानही होत नाही, त्यासाठी खेळाचा ओघ विनाकारण तोडू नये, असे फिबाने स्पष्ट लिहिले आहे. त्याच जागी खेळाडूंची कुवत आणि त्यांची वृत्ती लक्षात घेऊन तारतम्य वापरावे, असेही म्हटले आहे. दहा माणसे २८ बाय १५ मीटरच्या जागेत पळत असताना प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवली, तर सामना फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या) रेषेवरच संपेल.

हे तारतम्य वाऱ्यावर सोडलेले नाही. अमेरिकेतील पंच यासाठी चार गोष्टी तपासतात: समोरच्याची लय बिघडली का, वेग कमी झाला का, तोल गेला का आणि चपळाई हिरावली गेली का. ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेला धक्का लागला आणि तो त्याच वेगाने आत जाऊन बास्केट करून आला, तर शिट्टी वाजवून त्याचे काय भले होणार? म्हणूनच अनुभवी पंच शिट्टी अर्धा क्षण ओठांत धरून ठेवतो. त्याच धक्क्याने त्याचे पाऊल तिरके पडले आणि ड्रिबल दूर गेले, तर तो फाउल. आणि १४ वर्षांच्या मुलाला जो धक्का जागेवरून हलवतो तोच धक्का सीनियर गटातल्या खेळाडूला जाणवतही नाही. म्हणजे नियम एकच राहून निर्णय वेगळा येतो, आणि यात विसंगती नाही.

काही स्पर्शांच्या बाबतीत मात्र नियमच आधी बोलतो. बचावपटूचा हात चेंडूवाल्याच्या अंगावर ठेवला जाऊन तिथेच राहिला आणि त्याने त्याची वाट अडली, किंवा तो पुन्हा पुन्हा टोचत राहिला, तर तो फाउल होय. टोचण्याबद्दल तर नियमातच कारण दिले आहे की त्यातून पुढे धसमुसळेपणा वाढतो. एनबीएने २००४-०५ च्या हंगामापासून बाहेरच्या बाजूला हात लावून रोखण्यावर कडक अंमल सुरू केला, आणि चेंडू घेऊन खेळ रचणाऱ्या चपळ गार्ड खेळाडूंना मैदान मोकळे झाले.

सातत्याची अपेक्षा एका सामन्यापुरती जरूर धरावी. पहिल्या पाच मिनिटांत पंचांनी जी पट्टी लावली, तीच शेवटच्या मिनिटातही दोन्ही टोकांना लावली पाहिजे. त्यात कसूर झाली तर बाकावरून आरडाओरडा करायला मीही तुमच्याबरोबर येईन.

हिशोबी_प्रेक्षक

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. आधीच्याशी अर्धा. एनबीए मार्च २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या अखेरच्या दोन मिनिटांतील निर्णयांचा अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात वाजवलेल्या शिट्ट्यांइतकाच न वाजवलेल्या शिट्ट्यांचाही हिशोब असतो. तारतम्य वापरायचे तर त्याचा असा जाहीर हिशोबही द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

गुडघे_सांभाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शहरातील बरेच शालेय खेळाडू माझ्याकडे येतात. फायदा-तोट्याची कसोटी मान्य आहे, पण एका ठिकाणी ती लावूच नये अशी माझी विनंती आहे. ते ठिकाण म्हणजे खाली उतरणाऱ्या खेळाडूचे पाय. शॉट मारून झाला, चेंडू हातातून सुटला, आता अडवून काय उपयोग, या विचाराने बचावपटू अर्धे पाऊल पुढे टाकतो आणि शूटरचा घोटा त्या पायावर उतरतो. चेंडूच्या दृष्टीने पाहिले तर कोणाचाच फायदा झालेला नसतो. घोट्याच्या दृष्टीने मात्र तो हंगाम तिथे संपू शकतो.

१४ मे २०१७ रोजी एनबीएच्या वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात हेच घडले. सॅन अँटोनियो स्पर्स २३ गुणांनी पुढे असताना क्वाय लेनर्ड उडी मारून शॉट घेत होता आणि उतरताना त्याचा पाय प्रतिस्पर्धी झाझा पाचुलियाच्या पायावर पडला. लेनर्ड बाहेर गेला आणि स्पर्स तो सामना ११३-१११ असा हरले. पुढच्या हंगामापासून एनबीएने अशा वेळी पंचांना चित्रफीत पाहून फाउलची तीव्रता वाढवण्याचा अधिकार दिला. फिबाच्या नियमांतही हवेतील शूटरचे दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत तो शॉट घेत असल्याचेच मानतात. त्यामुळे चेंडू सुटला म्हणून बचावपटू सुटत नाही.

सिमेंटच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत तरी पंचांनी इथे हात आखडता घेऊ नये.

लीड_ट्रेल

पूर्ण सहमत. पाय खाली घालण्याचा प्रकार धोकादायक वाटला तर आम्ही साध्या फाउलवर न थांबता अनस्पोर्ट्समनलाइक फाउल देतो, म्हणजे फ्री थ्रो झाल्यावर चेंडूही त्याच संघाकडे राहतो. उलट बाजूही सांगतो. शूटरने उडी मारताना मुद्दाम पाय पुढे फेकून बचावपटूला गाठले, तर सिलिंडर मोडला तो शूटरने.

जुना_चाहता

इतकी चर्चा झाली, म्हणून थोडे मागे जातो. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांचे तेरा नियम छापून आले. त्यांतील पाचवा नियम सांगतो की खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालणे किंवा मारणे चालणार नाही. सातव्या नियमानुसार एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्या संघाला थेट गोल मिळत असे. म्हणजे मुळात हा खेळ अंगाला अंग न लावता खेळायचा होता, आणि खेळाडू जसे उंच, वेगवान आणि ताकदवान होत गेले तसा कुठला स्पर्श चालवून घ्यायचा हा प्रश्न नंतर आला.

अवांतर: १४ जून १९९८. एनबीएच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, सॉल्ट लेक सिटी. मायकेल जॉर्डनने शेवटचा शॉट घेण्याआधी यूटाच्या ब्रायन रसेलच्या कमरेवर डावा हात ठेवला होता. ५.२ सेकंद बाकी असताना शिकागो ८७-८६ असे पुढे गेले. जाणकारांनी आज शिट्टी हातात घेऊन निर्णय द्यावा!

निवृत्त_शिट्टी

या प्रश्नावर मैत्री तुटलेली पाहिली आहे, तरी सांगतो. आक्रमकाचा हात बचावपटूवर आहे यावरून मी निर्णय देणार नाही. तो हात लांब होऊन त्याने जागा निर्माण केली का, हे पाहीन. रसेलचा सारा भार जॉर्डन ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने आधीच झुकला होता आणि जॉर्डन अचानक थांबल्यावर तो त्याच ओघात पुढे गेला, असे मला दिसते. हात होता, पण घसरण्याचे मुख्य कारण तो थांबा होता. मी शिट्टी वाजवली नसती. यूटाच्या चाहत्यांनी मला क्षमा करू नये, त्यांचा तो हक्क आहे.

कोच_कोथरूड

सगळे चेंडूभोवतीच बोलत आहेत. माझ्या अनुभवात शालेय सामन्यांतले निम्मे बेकायदा स्पर्श चेंडूपासून दूर, स्क्रीन लावताना (सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे राहताना) होतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. स्क्रीन लावणाऱ्याने स्पर्शाच्या वेळी स्वतःच्या सिलिंडरमध्ये, दोन्ही पाय टेकवून स्थिर असावे लागते. इथे मात्र स्थिर असणे खरोखरच आवश्यक आहे, आणि वर बचावपटूविषयी जे सांगितले ते नेमके याच्या उलट असल्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला समोरून दिसेल अशी स्क्रीन हवी तितकी जवळ लावता येते, फक्त स्पर्श होता कामा नये. पाठीमागून, त्याला न दिसणारी स्क्रीन लावायची असेल तर त्याला एक साधे पाऊल टाकता येईल एवढी जागा सोडावी लागते. प्रतिस्पर्धी पळत असेल तर पुन्हा वेळ आणि अंतर आलेच. माझ्या मुलांना मी हात छातीवर आडवे बांधून उभे राहायला लावतो, कारण कोपरे बाहेर आली की पाय कितीही स्थिर असले तरी फाउल मिळतो आणि मिळायलाच हवा.

दुसरा राग आहे तो पडण्याच्या नाटकाचा. टीव्हीवर पाहून हल्ली तेरा-चौदा वर्षांची मुलेही छातीला वारा लागला की मान मागे टाकून कोसळतात. फिबाच्या नियमांत यासाठी आधी इशारा आणि पुन्हा केल्यास टेक्निकल फाउल आहे. पंचांनी तो इशारा मोकळ्या हाताने द्यावा, प्रशिक्षक म्हणून मी तरी तक्रार करणार नाही. खरोखर चार्ज घेणारा खेळाडू धक्का छातीवर घेऊन मग पडतो. नाटक करणारा स्पर्शाच्या आधीच मागे निघालेला असतो, हे बाजूने पाहिले की लगेच कळते.

कर्वेनगरकर

एका पालकांनी पहिल्या प्रसंगाची मोबाइलवर घेतलेली चित्रफीत पाठवली. मंद गतीने पाहिली. आमची मुलगी उडते तेव्हा समोरच्या मुलीचा डावा पाय किंचित हलताना दिसतो. म्हणजे हा ब्लॉकिंग झाला ना? चित्रण आमच्या मुलीच्या मागून, मधल्या रेषेच्या बाजूने केलेले आहे.

लीड_ट्रेल

मागून घेतलेल्या चित्रणावरून मी निर्णय देणार नाही. दोघींमधली फट त्यात दिसतच नाही, आणि उडणाऱ्या मुलीच्या पाठीमुळे समोरच्या मुलीचे धडही झाकलेले असणार. शिवाय पाय हलला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो तुमच्या मुलीच्या मार्गात शिरण्यासाठी हलला, की आधीच मिळवलेल्या जागेवर मागे सरकण्यासाठी हलला? मागे सरकली असेल तर चार्जिंग कायम राहते. बेसलाइनवर उभ्या असलेल्या लीड पंचाला हे बाजूने दिसले असणार आणि मैदानावर त्याच्यापेक्षा चांगली जागा त्या क्षणी कोणाकडेही नव्हती. मंद गतीचा आणखी एक तोटा म्हणजे तिच्यात प्रत्येक स्पर्श मुद्दाम केल्यासारखा वाटतो. खरा वेग आणि बाजूचा कोन मिळाला तर जरूर पाठवा.

बाकावरचा_बारावा

टेबलवाल्याची एक शंका. पहिल्या प्रसंगात कर्वेनगरकरांच्या संघाचे त्या क्वार्टरमध्ये चार सांघिक फाउल आधीच झालेले असतील आणि हा पाचवा असेल, तर समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात का? आमच्या स्पर्धेत यावरून एकदा टेबलपाशीच भांडण झाले होते.

निवृत्त_शिट्टी

चेंडू हातात असताना आदळली असेल तर नाही. चेंडूवर ताबा असलेल्या संघाने केलेल्या फाउलला सांघिक फाउल कितीही झालेले असले तरी फ्री थ्रो नसतात, समोरच्या संघाला केवळ थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याची संधी) मिळतो. तो फाउल सांघिक फाउलमध्ये आणि त्या मुलीच्या पाच वैयक्तिक फाउलमध्ये मात्र मोजला जातो.

चेंडू हातातून सुटल्यानंतर ती आदळली असेल तर गणित बदलते. शॉटसाठी चेंडू हातातून सुटला की संघाचा ताबा संपतो. त्यामुळे चेंडू बास्केटमध्ये गेल्यास गुण धरले जातात, आणि हा पाचवा किंवा त्यापुढचा सांघिक फाउल असेल तर जिच्यावर ती आदळली त्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळतात. टेबलवर बसणाऱ्याने म्हणूनच पंच गुण रद्द करतात की धरतात, तो इशारा पाहिल्याशिवाय पेन उचलू नये. आणि हाच प्रसंग ब्लॉकिंग ठरला असता तर बास्केट झाल्यास गुण अधिक एक फ्री थ्रो, न झाल्यास दोन, आणि तिथे सांघिक फाउलची संख्या पाहायची गरजच नाही.